आसरेची ओटी

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. भूत, झपाटणं, अंगात येणं... यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. माझे वडील जालन्याला मास्तर होते. आम्हा बहिणींना त्यांनी घरी बसवून लिहा-वाचायला शिकवलं आणि दाराला लिंबू-मिरची कधी बांधू दिली नाही. अंगात आलेली बाई बघितली की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. तुमच्या या सदरात लोक पांढऱ्या साडीचं आणि उलट्या पायांचं लिहितात, ते मी वाचते आणि म्हणते, यांना कामधंदा दिसत नाही.

तरी आज लिहायला बसले. कारण माझ्या बाबतीत जे झालं ते भुताचं नव्हतंच. एका मेलेल्या जनावराचं होतं — आणि जित्या माणसांचं.

गाव आष्टी. आता जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात आहे. तेव्हा जिल्हा परभणी होता. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. परतूरच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढं बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत यायचं. आमचं घर बाजारतळाच्या मागं. शेतकरी घर, जमीन चांगली, दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि सासू. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले. थोरली जाऊ गिरजाबाई, धाकटी मी.

गिरजाबाईंना मूल नव्हतं. माझ्या लग्नात त्या मला हळद लावायला पुढं आल्या तेव्हा आत्याबाईंनी सगळ्यांदेखत त्यांचा हात झटकला होता. घरात त्यांना नावानं हाक नव्हतीच. 'ए वांझे, पाणी आण.' 'ए वांझे, गुरं बांध.' त्या यायच्या, आणायच्या, बांधायच्या. सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं त्यांचं, आणि आत्याबाई स्वैपाकच असा मोजून करायला लावत की उरायचं नाही. मी काही बोलत नव्हते. बोलून काय, माझीच धडगत नव्हती.

माझी पहिली मुलगी गेली. मला दूधच आलं नाही. शेळीचं दूध दिलं, ते तिला सोसलं नाही, आणि दिवसेंदिवस वाळत जाऊन ती गेली. मग मुलगा झाला. पुन्हा तेच. हळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली, बाजरीची घाटी झाली... छाती कोरडी ती कोरडीच. गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजायचं, की पोरगं ते सगळं ओकायचं. त्याच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. रडणं तर इतकं बारीक की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. परतूरच्या डॉक्टरनं डब्याचं दूध सांगितलं, तर आत्याबाई म्हणाल्या, 'गाईचं सोसंना, ते डब्यातलं काय सोसंल? बिनकामाचा खर्चा.' ह्यांनी मान हलवली. आमच्या ह्यांचं आयुष्य आईपुढं मान हलवण्यात गेलं.

आत्याबाईंचं निदान पक्कं होतं. मला आसरेनं धरलं होतं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. विहिरीवर, नदीच्या डोहावर शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले असतात, ते त्यांचं ठाणं. बाळंतिणीनं पाणी पुजल्याशिवाय विहिरीवर जायचं नाही, पोटुशीनं भर दुपारी जायचं नाही, नाहीतर आसरा नजर लावते आणि बाईचं दूध ओढून घेते, असं आमच्याकडं म्हणायचे. मी दिवस गेलेले असताना टळटळीत दुपारी विहिरीवर गेले होते हे खरं. पाणी कोण आणणार होतं मग?

अशात आठवडी बाजारात एक तंबू आला. बाहेर फळीवर रंगवलेलं चित्र — केस विंचरणारी गोरीपान पोरगी आणि कंबरेखाली माशाची शेपटी. तंबूवाला पान खाऊन ओरडायचा, 'देखो देखो, समंदर की जलपरी, आधी औरत, आधी मछली.' हैदराबादकडची बोली होती त्याची. शेजारची सोनाबाई बघून आली आणि थेट आमच्या ओसरीवर येऊन बसली.

'आत्याबाई, ती जलपरी-बिलपरी काही न्हाई. आसरा हाय ती. बाईवाणी छाती हाय तिला, आन् खाली पाय न्हाईत. बिलकुल पाण्यातली बाई. कुणीतरी धरून आणली.'

आता हसू येतं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. आमच्या गावात समुद्र पाहिलेला एक माणूस नव्हता. पाण्यात राहणारी बाई म्हटल्यावर आम्हाला एकच ठाऊक होती. मलाही क्षणभर खरं वाटलं, मास्तरांच्या मुलीला. पोरगं मांडीवर वाळत असलं की शिक्षण कुठल्या कुठं जातं.

आत्याबाई उठल्या. 'आपल्या दारात आली ती. जल्दी चला. वटी भरून पाया पडू, म्हणू, घेतलंस ते परत दे.'

पण ओटी भरायची कुणी? आत्याबाई विधवा, त्यांच्या हातची ओटी चालत नाही. मी बाळंतीण, सव्वा महिना व्हायचा होता, विटाळातली. देवाच्या वस्तूला माझा हात लागायचा नाही. घरात सवाशीण म्हणून एकच उरली.

'मी?' गिरजाबाई म्हणाल्या.

'मंग कोण? मी रंडकी बाई, ही अशी. राह्यली तूच. आन् तुला भ्यायला काय झालं? आसरा कूस खाती म्हणतात. तुझी खायला हाय का काही?'

गिरजाबाईंनी उठून ओटीचं ताट भरलं. माझ्या बाळंतपणापासून त्यांना माझ्या खोलीचा उंबरा ओलांडायला बंदी होती. पोराचं तोंडसुद्धा त्यांनी धड बघितलं नव्हतं. हात लावणं तर लांबच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं डॉक्टर लोकांनी मला फिरून फिरून हेच विचारलं.

मला कान बांधून, घोंगडी पांघरून बाजारात नेलं. पोर माझ्या कुशीत. तंबूत शिरल्याबरोबर मी नाकाला पदर लावला — खारवलेल्या कातड्याचा वास, वर उदबत्त्या. पत्र्याची लांबलचक पेटी होती, त्यात जाडं मीठ, आणि मिठात ती पडलेली.

बाई नव्हती हो. म्हशीसारखं जाड करडं कातडं, माणसापेक्षा लांब. पोट फाडून पेंढा भरलेला आणि सुतळीनं टाके घातलेले. तोंड पसरट, ओठावर राठ केस. डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. तंबूवाल्यानं डोक्याला काळा रंगवलेला ताग चिकटवला होता, कपाळाला मळवट भरला होता, नाकपुडीला भोक पाडून नथ अडकवली होती. हातांच्या जागी दोन वल्ह्यांसारखे पंजे, त्यांना सुतळीनं हिरव्या बांगड्या बांधलेल्या. छातीवर हिरवा फडका. माणसं जमली की तो काठीनं फडका वर करायचा, आणि पंज्यांच्या मुळाशी, काखेत म्हणावं अशा ठिकाणी, खरोखर दोन थानं होती. पुरुष खिदळायचे. एकानं काठी मागून घेतली आणि तिथं दाबून बघितलं, आणि त्याचे सोबती आणखी हसले.

तंबूवाला सांगत होता, 'पिल्लू जाळ्यात फसलं ना, ही भागलीच नाही. जाळ्याच्या बाजूनं चक्कर मारत राहिली. म्हणून घावली. नाहीतर कोण पकडतं हिला?'

हे त्यानं गंमत म्हणून सांगितलं आणि लोकांनी गंमत म्हणून ऐकलं. मला मात्र त्या जनावराची फार दया आली. देव वाटला नाही, भीती वाटली नाही, नुसती दया.

गिरजाबाई पुढं झाल्या. हळद-कुंकू वाहिलं, त्या टाके घातलेल्या पोटावर खण ठेवला, नारळ ठेवला, पाच ओंजळी तांदूळ घातले. आत्याबाई मागून ढोसत होत्या, 'हिच्या नावानं माग. धाकलीच्या नावानं माग.' गिरजाबाईंचे ओठ हलले की नाही, मला दिसलं नाही. तंबूवाला आधी बघत राहिला, मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मागं बायकांची रांग लागली होती. लगेच तो पुजारी झाला. ओटी भरली की देवळात पुजारी त्यातलंच थोडं बाईच्या पदरात परत घालतो, ही रीत त्याला ठाऊक असावी. त्यानं नारळ उचलला, मिठात सांडलेले तांदूळ मूठभर उचलले आणि समोर जो पदर दिसला त्यात टाकले. समोर गिरजाबाई होत्या.

'अरे, तिला नगं, हिच्या पदरात घाल,' आत्याबाई म्हणाल्या.

'चलो माई, आगे चलो,' तो म्हणाला आणि पुढच्या बाईकडं वळला. मागून लोटालोट झाली आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर आल्यावर आत्याबाईंनी गिरजाबाईंच्या पदरातला नारळ काढून माझ्या पदरात घातला. तांदळाचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दोन-तीन दिवस गेले असतील. सकाळची वेळ, ओसरीवर गडीमाणसं न्याहारीला बसलेली, गिरजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. आत माझं पोर कण्हल्यासारखं रडत होतं. गिरजाबाईंनी एकाएकी परात बाजूला सारली आणि पदर छातीशी घट्ट आवळला. चोळी भिजली होती. आत्याबाईंना वाटलं हिनं पाणी सांडलं. ओरडत आल्या, पदर ओढला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी तिथंच, गड्यांसमोर, चोळीची गाठ सोडली आणि गाईची कास बघावी तसं दाबून बघितलं. दुधाची धार आली. आत्याबाईंनी बोट जिभेला लावलं.

'खारट हाय,' एवढंच म्हणाल्या.

गडी मान खाली घालून उठून गेले. गिरजाबाई पिठाच्या हातांनी चोळी सावरत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आत्याबाई माझ्या खोलीत आल्या, मला एक शब्द न विचारता पोर उचललं आणि गिरजाबाईंच्या छातीला लावलं. मी भिंत धरत-धरत दारापर्यंत गेले. पोर प्यायला लागलं. त्याच्या घशाचा घटाघटा आवाज येत होता, तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. त्या घडीला मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. माझं पोरगं जगणार होतं.

आणि जगलं. दूध ओकलं नाही. पंधरवड्यात गालावर मांस आलं. गावातल्या बाया गिरजाबाईंच्या पाया पडायला यायला लागल्या.

मग मलाही दूध आलं. चेष्टा बघा. उशिरा आलं, पण असं आलं की लुगडं भिजून जायचं. मी आत्याबाईंना हाका मारल्या, म्हटलं, आणा त्याला, आता मला आहे. आणलं. त्यानं तोंड लावलं आणि काळानिळा होऊन किंचाळायला लागला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आत्याबाईंनी माझंही चाखलं.

'तुझं गोड हाय,' म्हणाल्या. 'त्याला आता खाऱ्याची सवय लागली. तुझं नगं त्याला.'

'रोज लावू या आत्याबाई. घेईल हळूहळू.'

'कशाला? जगून राह्यलाय ना पोरगा? आता कालवाकालव नगं. आसरेनं जिला दिलं तिचं ते.'

जुनं धोतर फाडून त्यांनी माझी छाती करकचून बांधली, दूध आटावं म्हणून. मला ताप भरला. पलीकडच्या खोलीत पोर रडलं की धोतराखाली दूध फुटायचं आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. माझी पहिली मुलगी एवढ्या दुधावर दोनदा जगली असती. तेव्हा एक थेंब नव्हता.

माझ्यासाठी केलेला लाडवांचा डबा गिरजाबाईंच्या खोलीत गेला. पहिलं पान त्यांचं, तूप त्यांना. आमच्या घरात शेवटचं पान एका बाईचं ठरलेलंच होतं, फक्त बाई बदलली. बारसं राहिलं होतं, ते झालं तेव्हा दिगंबरला गिरजाबाईंच्या मांडीवर ठेवलं, पाळण्यात आई म्हणून त्यांचं नाव घेतलं, आणि त्यांची ओटी मला भरायला लावली. मी भरली. हे म्हणाले, 'एकाच घरात हाय ना पोरगा? दादाचा काय, माझा काय. मंग?' मला पुन्हा दिवस गेले नाहीत. आत्याबाईंनी त्याचंही उत्तर शोधून ठेवलं होतं — इकडचं तिकडं झालं, हिशेब मिटला.

गिरजाबाईंनी माझा छळ केला असं मी म्हणणार नाही. त्यांनी काहीच केलं नाही, याचाच मला राग आहे. पोर माझ्याकडं रांगत आलं की त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, जा, ती तुझी आई. त्या नुसत्या बघायच्या, आणि थोड्या वेळानं त्याला उचलून न्यायच्या. त्यांना तो 'माय' म्हणायचा. मला काकी.

बऱ्याच वर्षांनी, आत्याबाई गेल्यावर, आम्ही दोघी अंगणात तूर निवडत बसलो होतो. मी विचारलं, 'जाऊबाई, त्या दिवशी तंबूत तुम्ही काय मागितलं?'

'काही न्हाई.'

'माझ्या नावानं मागायचं होतं ना.'

'सुचलंच न्हाई ग. तिच्याकडं बघत राह्यले. तिला किती छळून राह्यले होते ते.'

'आणि पदरातले तांदूळ? ते कुठं गेले?'

'खाल्ले.'

'का?'

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. 'भूक लागल्ती,' म्हणाल्या. 'दोन दिवस काही उरलं न्हवतं. वाटंनं येता येता कच्चेच खाल्ले.'

मला मरेस्तोवर त्यांचा राग करायचा होता, आणि त्या बाईनं तेवढीही सोय ठेवली नाही. राग तरी गेला नाहीच. त्या वारल्या तेव्हा दिगंबरनं केस उतरवले, अग्नी दिला, दहावं-तेरावं बराबर केलं. मी तेराव्याच्या पुऱ्या तळल्या.

परवा-परवा टीव्हीवर एक कार्यक्रम लागला होता समुद्रातल्या जनावरांचा. आणि ती दिसली. तेच करडं अंग, तेच पसरट तोंड — पण जिवंत, पाण्यात हळूहळू गवत खात चाललेली. तिला डुगाँग म्हणतात, समुद्रगाय. लांबच्या देशांत तिची बहीण असते, मॅनाटी. पिल्लाला छातीशी पाजतात दोघी. निवेदक सांगत होता की जुन्या काळी महिनोन् महिने जहाजावर असलेल्या खलाशांना ह्या लांबून बाया वाटायच्या आणि त्यातूनच जलपरीच्या गोष्टी निघाल्या. मी मनात म्हटलं, धन्य ते खलाशी. पण मग आम्ही तरी काय वेगळं केलं? त्यांना बाई पाहिजे होती, त्यांना बाई दिसली. आम्हाला दूध पाहिजे होतं.

म्हणजे आसरा नव्हती, परी नव्हती. पेंढा भरलेली एक गरीब गाय होती. मग गिरजाबाईंना दूध कुणी दिलं? मिठातल्या तांदळानं दूध येत नाही, एवढं मलाही कळतं. आणि ते खारट का होतं? मी तीन-चार डॉक्टरांना विचारलं आणि प्रत्येकानं मला उलट प्रश्न विचारले.

शेवटचं विचारलं ते गेल्या महिन्यात. पोटात दुखत होतं म्हणून दिगंबर मला जालन्याला घेऊन गेला. तोही आता म्हातारा झाला. माझं सगळं करतो, औषधपाणी, पथ्य, कशात कमी नाही. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, त्यालाही आहे. डॉक्टरीणबाई तरुण होती, गोड बोलणारी. कागद पुढं ओढून तिनं विचारलं, 'आजी, बाळंतपणं किती?'

मी तोंड उघडायच्या आत दिगंबर म्हणाला, 'नाही मॅडम, काकीला मूलबाळ नाही.'

सहज म्हणाला. रोजचं म्हणावं तसं.

मी त्याला गोळ्या आणायला खाली पाठवलं. मग डॉक्टरीणबाईला विचारलं, कधी मूल न झालेल्या बाईला दूध येतं का हो? ती म्हणाली, येऊ शकतं, फार क्वचित. मूल सतत छातीला लावत राहिलं तर येतं. म्हटलं, लावलंच नव्हतं. हातसुद्धा लावू दिला नव्हता पोराला. तिनं विचार केला. मग म्हणाली, तसं असेल तर नाही सांगता येणार, आजी. माझ्याकडं त्याला उत्तर नाही.

कुणाकडंच नाही. मीही शोधायचं सोडून दिलंय.

मग तिनं पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या हातावर हात ठेवला. अगदी मायेनं, हळू आवाजात म्हणाली, 'आजी, तुम्हाला आलं होतं का?'

'न्हाई बाई,' म्हटलं. 'मला न्हाई आलं.'